एक दात बारका, दुसरा आलाच नाही: घाई कशाची करायची आणि कशाची नाही

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही जालना जिल्ह्यात राहतो. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत शिकते. वरचे मधले दोन मोठे दात छान आले, पण उजवीकडे त्यांच्या शेजारचा दात अगदी बारका आणि टोकदार आला आहे, दोन्ही बाजूंना फट आहे. डावीकडे अजून दुधाचाच दात आहे, तो हलतसुद्धा नाही. एका दवाखान्यात सगळ्या दातांचा मोठा एक्स-रे काढला, तेव्हा डावीकडे वर पक्का दातच नाही असं कळलं. दुधाचा दात काढून टाकू, उजवीकडच्या दाताला रूट कॅनॉल करून कॅप बसवू आणि डावीकडे वर्षा-दोन वर्षांनी स्क्रूचा दात लावू, असं तिथे सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, मी गरोदर असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालं. शेजारच्या काकू कॅल्शियमच्या गोळ्या द्या म्हणतात. मिस्टरांनी मोबाइलवर वाचलं की जन्मतः दात नसेल तर पुढे कॅन्सर होतो, तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. त्यांचाही वरचा एक दात लहानपणापासून नाही, मिशीमुळे कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. गॅदरिंगच्या फोटोत मुलगी तोंडावर हात धरून उभी आहे. पुढे तिच्या लग्नात याची अडचण होईल का? तिचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा आहे, त्याचंही असंच होईल का?

उत्तर:

ताई, कॅपसाठी तारीख घेतली असेल तर आधी ती रद्द करा, बाकीचं सावकाश वाचा. दात केवळ बारका आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलीच्या धडधाकट दाताला रूट कॅनॉल करायचं काही कारण नाही. डावीकडचा दुधाचा दातही एवढ्यात कुणाला काढू देऊ नका. आणि स्क्रूचा दात, म्हणजे इम्प्लांट, हा विषय तिची वाढ पूर्ण होईपर्यंत बंद. मात्र ‘मोठी झाली की बघू’ म्हणून गप्प बसण्यासारखंही हे प्रकरण नाही. दोन तपासण्या याच महिन्यात व्हायला हव्यात, आणि त्यांतली जास्त महत्त्वाची या दोन्ही दातांची नाहीच. ती शेजारच्या सुळ्याची आहे.

पण त्याआधी ग्रहणाचं मिटवू. बाजूच्या पटाशीचा, म्हणजे मधल्या मोठ्या दाताशेजारच्या या पक्क्या दाताचा कोंब बाळ पोटात असताना साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास धरतो, हे खरं. पण त्यावर कठीण थर चढायला लागतो तो बाळ दहा-बारा महिन्यांचं झाल्यावर. मधल्या पटाशीवर हे काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू झालेलं असतं, सुळ्यावर चौथ्या-पाचव्या. बाजूची वरची पटाशी या सगळ्यांच्या मागून निघते. तुम्ही चिरलेल्या भाजीने शेजारचे सगळे दात सोडून नेमका हाच धरला, असं म्हणायला जागा नाही. शिवाय तुमच्या पत्रातच उत्तर आहे: मिस्टरांना वरचा दात नाही. हा दात नसणं आणि तो बारका असणं या एकाच आनुवंशिक कलाच्या दोन पायऱ्या आहेत. वडिलांना दात नाही, मुलीला बारका, आत्याला दोन्हीकडे नाही, असं एकाच घरात दिसतं. एकाच तोंडात एकीकडे बारका आणि दुसरीकडे गायब, हे तर आम्ही नेहमी बघतो. सासूबाईंना एवढंच सांगा की हे त्यांच्याच लेकाकडून आलंय. (सांगताना हसू आवरा.)

हाच दात इतका लहरी का, याचा विचार फार जुना आहे. 1939 मध्ये पी. एम. बटलर यांनी सस्तन प्राण्यांच्या दातांचा अभ्यास करून मांडलं की दातांच्या प्रत्येक गटाचा जबड्यात एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्यात जागेनुसार दातांचे आकार बदलत जातात. 1945 मध्ये डॅलबर्ग यांनी ती कल्पना माणसाच्या दातांना लावली: प्रत्येक गटात एक दात खात्रीचा, आणि त्याच्यापासून लांबचा बेभरवशाचा. पटाशीत मधला खात्रीचा, बाजूचा बेभरवशाचा. दाढांमध्ये पहिली दाढ पक्की, अक्कलदाढेचा नेम नाही, हे आपण घरोघरी बघतोच. खालच्या जबड्यात मात्र पटाशीचं उलटं आहे, तिथे मधलाच कच्चा. वरच्या बाजूच्या पटाशीची जागाही जरा नाजूक असते. गर्भात चेहरा तयार होताना नाकाकडचा भाग आणि वरच्या जबड्याचा भाग जिथे येऊन जुळतात, त्याच सांध्याजवळ ती उगवते. म्हणून दुभंगलेल्या ओठाच्या मुलांमध्ये हा दात कधी नसतो, कधी दोन असतात. तुमच्या मुलीचा असा काही प्रश्न नाही. पाहण्या वेगवेगळ्या, पण ढोबळ मानाने शंभरात दोघांना ही पटाशी बारकी असते आणि जवळपास तितक्यांनाच ती येतच नाही. मुलींमध्ये थोडं जास्त.

आता कॅन्सर. मिस्टरांनी जे वाचलं ते अगदीच हवेतलं नाही, म्हणूनच जास्त त्रासदायक. 2004 मध्ये फिनलंडमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरात ॲक्सिन-2 नावाच्या जनुकात बिघाड होता, आणि तो असलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका होता. पण त्या लोकांचे एक-दोन दात कमी नव्हते, कित्येकांचे आठ-आठ, त्याहून जास्त पक्के दात जन्मतःच नव्हते. अक्कलदाढा सोडून सहा किंवा जास्त दात नसतील तर आम्हीही नुसतं तोंड बघून थांबत नाही, पुढे चौकशी करतो. तसंच केस फार विरळ, घाम जवळजवळ येत नाही आणि बरेच दात टोकदार, असं एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवतो. तुमच्या मुलीचा एक दात नाही आणि एक बारका आहे. बाकी एक्स-रेत सगळे दात असतील, तर मिस्टरांनी आज रात्री झोपावं.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी न धरलेला कोंब धरत नाही आणि तयार झालेला दात मोठा होत नाही. काकूंचे आभार माना आणि गोळ्या राहू द्या.

आता सुळा. वरचा पक्का सुळा तोंडात येतो अकराव्या-बाराव्या वर्षी, पण तो बनतो फार वर, नाकाच्या बाजूला, आणि तिथून खाली येताना लांबचा प्रवास करतो. या प्रवासात बाजूच्या पटाशीच्या मुळाचा त्याला आधार मिळतो, त्या मुळाच्या कडेकडेने तो खाली सरकतो. तुमच्या मुलीच्या उजवीकडे ते मूळ बहुधा आखूड आणि बारीक असणार, डावीकडे तर ते नाहीच. अशा मुलांमध्ये सुळा वाट चुकून टाळूकडे वळण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त असतं. तो टाळूत अडकला की पुढे हिरडी उघडून, सुळ्याला साखळी चिकटवून, तारा लावून तो महिनोन्‌महिने ओढत खाली आणावा लागतो. अडकलेला सुळा कधी शेजारच्या चांगल्या दाताचं मूळही खातो. म्हणून माझ्या लेखी बारका दात ही स्वतः मोठी तक्रार नाही, सुळ्याकडे लक्ष द्या असं सांगणारी खूण आहे. तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यात सुळ्याचं नावही नाही, मला खटकलं ते हे.

घरच्या घरी एक गोष्ट बघता येईल. हात स्वच्छ धुवा, मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवा, तोंड अर्धवट मिटायला सांगा म्हणजे गाल सैल पडेल. वरचा ओठ उचलून तर्जनी दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडी आणि गाल मिळतात तिथपर्यंत न्या आणि हळूच पुढे-मागे फिरवा. पक्का सुळा नीट वाटेवर असेल तर तिथे हाडाखाली गुळगुळीत, गोल उंचवटा लागतो. मग दुसऱ्या बाजूला तसंच करा. दहाव्या वर्षी तो बहुतेकांना लागायला हवा. दोन्हीकडे सारखा लागला तर छान. एकीकडे लागतोय आणि दुसरीकडे सपाट आहे, किंवा टाळूच्या बाजूने काही फुगवटा जाणवतोय, तर दोन आठवड्यांत ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या तज्ज्ञांना, दाखवा. लागला तरी दाखवायचंच आहे, फक्त मग धावपळ नको.

सुळा टाळूकडे झुकतोय असं एवढ्या लहान वयात कळलं तर उपाय साधा असू शकतो: दुधाचा सुळा काढायचा. 1988 मध्ये स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी 10 ते 13 वर्षांच्या मुलांमध्ये हे करून पाहिलं. टाळूकडे निघालेल्या 46 सुळ्यांपैकी 36 आपोआप योग्य वाटेला लागले. म्हणजे तुमच्या मुलीचा दुधाचा एखादा दात वेळेआधी काढायची वेळ आलीच, तर तो पटाशीचा नव्हे, सुळ्याचा असण्याची शक्यता जास्त. पटाशीचा दुधाचा दातही कधीतरी मुद्दाम काढतात, सुळ्याला तिथे सरकायला जागा मिळावी म्हणून. पण ते पुढचा सगळा बेत ठरल्यावर. आत्ता तो दात जागा धरून बसलाय, हाडही टिकवतोय. बसू द्या.

दुसरी तपासणी उजवीकडच्या बारक्या दाताची, आणि ती आरशासमोर तुम्हाला दिसणार नाही. ती दाताच्या पाठीमागे, टाळूच्या बाजूला करायची असते. दात कठीण होण्याआधी कधीकधी त्याचा बाहेरचा थर हातमोज्याचं बोट आत ढकलावं तसा आत दुमडतो आणि दाताच्या आत एक पोकळी राहते. हा प्रकार इतर कुठल्याही दातापेक्षा वरच्या बाजूच्या पटाशीतच जास्त दिसतो, आणि दात टोकदार असेल तर संशय आणखी वाढतो. बाहेरून फक्त टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं, कधी नुसती रेघ. आत मात्र अन्न आणि जंतू साठतात, आणि आतलं अस्तर इतकं पातळ किंवा जागोजागी अपुरं असतं की जंतू सरळ नसेपर्यंत पोचतात. दाताला कीड दिसत नाही, मुलगी रोज ब्रश करते, आणि एक दिवस ओठ सुजतो. मग त्या वेड्यावाकड्या पोकळीतून रूट कॅनॉल करणं हे अनुभवी डॉक्टरांनाही घाम फोडणारं काम.

टाळायला मात्र फार थोडं लागतं. डॉक्टर बारीक टोकाच्या सळईने ते छिद्र तपासतील, त्या एकाच दाताचा छोटा एक्स-रे काढतील, आणि छिद्र असेल तर साफ करून पातळ फिलिंगने बुजवतील. इंजेक्शन लागत नाही, पाव तासाचं काम. हे आधी करून घ्या. त्याच वेळी दाताच्या मागून हिरडीखाली उतरणारी एखादी खाच आहे का तेही बघायला सांगा. तशी खाच मुळावर लांबवर गेली तर मोठेपणी तिथल्या हिरडीत पू होतो आणि कारण सापडत नाही. मागच्या बाजूला शिंगासारखा एखादा जास्तीचा उंचवटाही कधी असतो, पण तो असता तर खालचे दात त्यावर आपटले असते आणि तुम्ही पत्रात तसं लिहिलं असतं.

एक्स-रेबद्दल आणखी एक. सगळ्या दातांचा जो मोठा एक्स-रे काढला त्यात नेमका पुढचा भाग धूसर येतो, मणक्याची सावली पडते. डावीकडे दात नाही हे निदान बहुधा बरोबरच आहे, कारण त्या दाताचा वरचा भाग चार-पाच वर्षांच्या वयात तयार होतो, दहाव्या वर्षी लपून राहायला जागा नाही. तरी त्या जागेचाही छोटा एक्स-रे काढून खात्री करून घ्या. त्रिमितीय स्कॅन मात्र सुळा सापडत नसेल तरच. उगाच नको.

आता कॅपला माझा विरोध का ते सांगते. दहाव्या वर्षी या दाताच्या मुळाचं टोक अजून पूर्ण मिटलेलं नसतं किंवा नुकतंच मिटत असतं, आतली नस मोठी असते, आणि हिरडी अजून वर सरकायची असते. कॅपसाठी दात चहूबाजूंनी कापावा लागतो. आधीच बारका असलेला दात कापून आणखी बारका करायचा, त्यासाठी जिवंत नस मारायची, आणि पाच वर्षांनी हिरडी वर गेली की कॅपची कड उघडी. त्यापेक्षा कॉम्पोझिटने दात भरून मोठा करता येतो. कापायचं काही नाही. दातावर आम्लाची जेल मिनिटभरापेक्षा कमी वेळ लावून पृष्ठभाग खरखरीत करतात, मग दाताच्या रंगाचा मऊ मसाला थर देत आकार घडवतात आणि निळ्या दिव्याने कडक करतात. एका बैठकीत होतं, तुटलं तर जोडता येतं, आणि पुढे विचार बदलला तर खाली मूळचा दात शाबूत असतो.

मात्र हेही आत्ताच करायचं का, ते मुलीला विचारा. फोटोत तिने तोंडावर हात का धरला ते तिच्याकडूनच कळू द्या. शाळेत कुणी चिडवत असेल तर उद्या भरून घ्या, तात्पुरतं म्हणून, त्याने पुढचं काही बिघडत नाही. आणि तिला काही वाटतच नसेल, फोटोग्राफरच्या वेळी नाकाला खाज सुटली असेल, तर राहू द्या. पक्का आकार द्यायचा तो तारा लावून फटी योग्य जागी आणल्यावर. नाहीतर फट आहे तेवढी भरून काढली की दात बेढब रुंद दिसतो. लग्नाचं म्हणाल, तर दहा वर्षांच्या मुलीसमोर दात आणि लग्न हे दोन शब्द एका वाक्यात आणू नका. तोपर्यंत हे सगळं नीट करण्याइतका भरपूर वेळ तुमच्याकडे आहे.

डावीकडच्या रिकाम्या जागेचा निर्णय बारा-तेरा वर्षांच्या आसपास होईल. वाटा मुख्यतः दोन. एक, जागा बंद करायची: सुळा पुढे आणून पटाशीच्या जागी बसवायचा, त्याचं टोक घासून आणि कडा कॉम्पोझिटने भरून त्याला पटाशीचं रूप द्यायचं, आणि मागची लहान दाढ सुळ्याच्या जागी आणायची. दोन, जागा राखायची आणि तिथे कृत्रिम दात द्यायचा. मला पहिली वाट जवळची वाटते, कारण तोंडात सगळे आपले स्वतःचेच दात राहतात, जन्मभर देखभाल करायला परकं काही नाही. पण सुळा जात्याच रुंद आणि थोडा पिवळसर असतो, आणि जबड्यांची ठेवण, खालच्या दातांची गर्दी, हसताना हिरडी किती दिसते, यावर बरंच ठरतं. हे ऑर्थोडॉन्टिस्टनीच साचे घेऊन सांगायचं. उजवीकडचा दात फारच बारका आणि मूळ अगदी आखूड निघालं, तर दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून तोही काढून दोन्हीकडची जागा बंद करायचा विचार ते मांडतील. ऐकून दचकू नका, त्यात तथ्य असू शकतं.

जागा राखायची ठरली तर इम्प्लांट वाढ पूर्ण झाल्यावरच. इम्प्लांट हाडात घट्ट चिकटलेला असतो. शेजारचे दात जबड्याबरोबर खाली उतरत राहतात आणि हा आहे तिथेच राहतो, म्हणून काही वर्षांत तो वर अडकल्यासारखा आखूड दिसू लागतो. वर्षा-दोन वर्षांत म्हणजे बाराव्या वर्षी लावला तर हे होणारच. मुलींमध्ये सतरा-अठराच्या पुढे, तेही अंतराने डोक्याचे बाजूचे एक्स-रे काढून वाढ थांबल्याची खात्री करून, मग तो विषय. मधल्या काळासाठी एका पंखाने शेजारच्या दाताच्या मागे चिकटणारा ब्रिज, म्हणजे कृत्रिम दात, मिळतो, त्यासाठी दात जवळजवळ कापावा लागत नाही. अनेकांचा तो वर्षानुवर्षं इतका नीट टिकतो की इम्प्लांटची गरजच उरत नाही.

कुठे जायचं? तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडेल. तिथे बालदंत आणि ऑर्थोडॉन्टिक्स हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी. सकाळी लवकर जा, काढलेला एक्स-रे सोबत न्या. खिडकीवर ‘दात बारका आहे’ एवढंच सांगू नका. ‘वरची बाजूची एक पटाशी बारकी, एक नाही, सुळ्यांची वाट बघायची आहे’ असं सांगा, म्हणजे योग्य टेबलावर पोचाल. मिस्टरांनाही घेऊन जा आणि त्यांचाही एक एक्स-रे काढा. त्यांचा सुळा त्या जागी आला आहे, टाळूत अडकला आहे की शेजारचे दात सरकून फट भरली आहे, ते कळलं तर मुलीचा बेत आखताना उपयोगी पडेल.

आणि धाकटा. त्याला असंच काही होईल का हे आज सांगता येत नाही, पण शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त आहे. सहाव्या वर्षी त्याचा एक्स-रे नको. आठ-साडेआठच्या सुमाराला बाजूची पटाशी एकीकडे आली आणि सहा महिने होऊनही दुसरीकडे आली नाही, किंवा आलेली टोकदार दिसली, तर तेव्हा काढा. नऊ पूर्ण झाली आणि दोन्हीकडचा पत्ता नसेल, तरी काढा.